वाटपाच्या वेळी भडकणारा तारा

मुंबईहून येताना माणसं काय काय आणतात ते आमच्या अमरावतीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी मात्र जातानाच सामानात एक तारा घेऊन निघालो होतो. तारा म्हणजे काळ्या रंगाची पत्र्याची डबी, आत एक बारीकसा दिवा आणि झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक. अंधारात ठेवून लांबून बघितलं की अगदी ताऱ्यासारखा दिसतो. दोन बनियनांच्या मध्ये तो गुंडाळला होता, आणि शेजारच्या पेटीत आमचा कॅमेरा होता. गाडीत रात्रभर मी त्या पेटीवर पाय टाकून झोपलो. त्या प्रवासाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. आमचा एक लहानसा उपग्रह तयार होतो आहे. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात सहज मावेल एवढा, आणि त्याच्या पोटात दुर्बीण. तिनं बघायचे आहेत ते तांबडे, बारके, मंद तारे. हे तारे दिसायला गरीब असतात, पण तापट. एरवी मिणमिणत असतात आणि मनात आलं की काही मिनिटांत कितीतरी पटींनी भडकतात. त्यांच्याभोवती फिरणाऱ्या ग्रहांवर हवा टिकते की नाही हे या भडक्यांवर अवलंबून असतं, म्हणून ते नीट मोजायचे.

अडचण अशी की कॅमेऱ्याचा डोळा जास्त वेळ उघडा ठेवला तर भडक्याचा फोटो पांढराफटक जळून जातो, आणि कमी वेळ ठेवला तर एरवीचा तारा दिसतच नाही. डोळा किती वेळ उघडा ठेवायचा, म्हणजे एक्सपोजर, ते खालून सांगायची सोय नाही. उपग्रह आपल्या डोक्यावरून दिवसातून मोजक्या वेळा जातो, तेवढ्यातच बोलणं होतं. तारा भडकला हे आम्हाला कळेपर्यंत तो विझलेला असतो. म्हणून कॅमेऱ्यानं स्वतःच बघायचं आणि स्वतःच ठरवायचं. हे ठरवण्याचा प्रोग्राम सायली जाधवनं लिहिला. ती माझी विद्यार्थिनी, आता आमच्याच प्रकल्पात काम करते. तीन वर्षं तिनं दुसरं काही केलं नाही.

शुक्रवारी गिरगावात तज्ज्ञांची समिती बसणार होती. त्यांना पटलं तर सायलीचा प्रोग्राम उपग्रहाबरोबर वर जाणार. नाही पटलं तर कॅमेऱ्याला एकच एक्सपोजर कायमचं ठरवून देणार आणि सायलीची तीन वर्षं जमिनीवर राहणार. मधले चार दिवस तालमीसाठी ठेवले होते. मुंबई मी याआधी पाहिली होती ती लग्नाच्या हॉलमधून, म्हणजे पाहिली नव्हती असंच म्हणायला हवं.

डिलाईल रोड, सोमवार

सायलीचं घर डिलाईल रोडवरच्या चाळीत. आमची राहण्याची सोय जिथं केली होती तिथं खोलीत अंधार करायला परवानगी नव्हती. खिडकीला काही लावायचं नाही, असा नियम. तेव्हा सायलीचे वडील म्हणाले, आमच्या समोरची खोली रिकामीच आहे, तिथं पाहिजे तेवढा अंधार करा.

त्यांनी दारातच "जय भीम सर" म्हणून हात जोडले आणि पेटी माझ्या हातातून घेतली. आयुष्यभर बसवर कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण आवाज अजून ड्युटीवर आहे. एका खोलीत घरचे, मी, पेट्या, बघायला आलेले शेजारी, सगळे उभे. त्यावर ते ओरडले, "चला, चला, आत सरका, मागची बस रिकामी नाहीये!" आणि खरोखर सगळे सरकले. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली सायलीच्या पदवीचा फोटो. फोटोत मीही आहे, अर्धा कापलेला.

समोरच्या खोलीचे मालक दुसरीकडे राहायला गेले होते आणि किल्ली शेजारच्या परब काकूंकडे होती. काकू मूळच्या मालवणच्या. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, बोलताना समोरच्याच्या दंडावर चापट मारायची सवय. खोलीची वीज तोडलेली होती, म्हणून त्यांनी आपल्या घरातून वायर ओढून दिली. "घ्या, लागात तितकी घ्या. फक्त माझो फ्रिज बंद करू नको हां," त्या मला म्हणाल्या. आमच्याकडे पाहुण्याला पहिल्या दिवशी 'तुम्ही' म्हणतात आणि बरीच वर्षं म्हणत राहतात. इथं चहा यायच्या आत मी 'तू' झालो होतो. मला ते आवडलं.

सामान उघडलं आणि माझी पहिली फजिती उघडी पडली. ताऱ्याला वीज देणारा चांगला अडॅप्टर अमरावतीत माझ्या टेबलावरच राहिला होता. सायली बाकीचं सामान काढू लागली. मीच अर्धा तास बोलत होतो, आणि त्यातला बराचसा राग पेटीवर काढला.

लॅमिंग्टन रोड आणि हिंदमाता, मंगळवार

सकाळी आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला गेलो. आमच्या गावात इलेक्ट्रॉनिक्सची जेवढी दुकानं आहेत तेवढी इथं एका जिन्याखाली असतात. दुकानदार माझ्याकडे न बघता बोलत होता, एकाच वेळी तीन गिऱ्हाइकांशी. मी अडॅप्टर उलटसुलट करून बघितला. वर कंपनीचं नाव नव्हतं.

"हा कंपनीचा आहे का?" मी विचारलं.

"कंपनीचाच आहे साहेब. फक्त नाव छापायचं राहिलंय."

हे उत्तर मला इतकं पटलं की मी तोच घेतला. सायलीनं माझ्याकडे बघितलं. तिला दुसरं एक दुकान माहीत होतं असं तिनं नंतर सांगितलं. मी आधीच पुढे चालू लागलो होतो, त्यामुळे तेव्हा सांगायची संधी तिला मिळाली नव्हती.

दुपारी काळं कापड आणायला हिंदमाताला. बरोबर सायलीची आई. त्या परळच्या एका इस्पितळात आया म्हणून काम करतात. सकाळपाळी करून थेट आल्या होत्या, तरी कापडाच्या दुकानात शिरताच ताज्यातवान्या झाल्या. आमच्याकडे दुपारी दुकानदार शटर अर्धं ओढून आडवा होतो. इथं भर दुपारी गादीवर साड्यांचा ढीग पडत होता.

"काळं?" दुकानदार म्हणाला. "संक्रांत तर होऊन गेली ताई."

"नेसायचं नाहीये, अंधार करायचाय," आई म्हणाल्या.

त्याला काहीच नवल वाटलं नाही. "किती मीटर अंधार?"

त्यानं एक तागा काढला आणि रिवाजाप्रमाणे खरा रंग दाखवायला उचलून दारात उन्हात नेला. मला ते काय कामाचं? मी तागा परत आत आणला, कापडाचं टोक डोक्यावरून घेतलं आणि आतून दुकानातले दिवे दिसतात का ते बघू लागलो. दिसत होते. दुसरा तागा घेतला. पुन्हा डोक्यावरून. तिसऱ्याच्या वेळी बाहेर आवाज एकदम बंद झाल्यासारखा वाटला. कापड काढलं तर साड्या बघायला आलेल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. आई शांतपणे त्यांना सांगत होत्या, "प्रोफेसर आहेत, अमरावतीचे." एवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

संध्याकाळपर्यंत खोली काळी झाली. एका टोकाला तारा, दुसऱ्या टोकाला कॅमेरा आणि लॅपटॉप. दिवा लॅपटॉपवरून कमीजास्त होत होता. आम्ही तारा भडकवायचा आणि कॅमेऱ्यानं डोळा बारीक करायचा. आम्ही शांत करायचा, त्यानं पुन्हा उघडायचा. पहिला तासभर इतकं सुंदर चाललं की मी चहावर चहा प्यालो.

मग तो बिघडला. आम्ही तारा भडकवलाच नव्हता, तरी कॅमेरा 'भडका, भडका' म्हणू लागला. डोळा मोठा काय करतोय, बारीक काय करतोय, फोटो एकदा काळा, एकदा पांढरा. थोड्या वेळानं आपोआप शहाणा झाला. आम्ही जेवायला उठलो तेव्हा मी गप्प होतो, आणि मी गप्प असलो की घरच्यांना काळजी वाटते असं माझी बायको म्हणते.

वरळी कोळीवाडा, बुधवार

सकाळी माझं तोंड बघून काकूंनी फर्मान काढलं, "ह्याका समुद्राची हवा दाखवा." त्या आणि सायलीची आई मासळी आणायला कोळीवाड्यात जाणार होत्या. मी त्यांच्याबरोबर पिशव्या घेऊन गेलो.

मोठ्या रस्त्यावरच्या उंच इमारती मागे टाकून गल्लीत शिरलो तेव्हा दोन माणसं समोरासमोर आली की एकानं दाराच्या पायरीवर चढायचं, एवढी वाट उरली होती. पलीकडे एकदम समुद्र उघडला. रंगीत होड्या, बांबूंच्या दांड्यांवर माळेनं टांगलेले बोंबील, जाळी विणत बसलेले म्हातारे, आणि या सगळ्याच्या मागे पाण्यावरून गेलेला तो मोठा पूल. फाल्गुनातलं ऊन होतं. आमच्या विदर्भात या दिवसांत ऊन कोरडं लागतं, घाम यायच्या आत सुकतो. इथं मी सकाळी नऊलाच चिंब होतो, पण वारा होता आणि मन हलकं झालं.

मला मासळीतलं काही कळत नाही. आमच्याकडे मासे येतात ते तलावाचे, आणि ते खाणाऱ्यांतही मी नवखा. कोळणीच्या पाटीतला एक बांगडा मी नीट बघावा म्हणून बोटानं दाबला.

"ए दादा, हात कशाला लावतोस? डोल्यानं बघ ना. डोलं दिले ना देवानं!" ती ओरडली. काकू आणि आई इतक्या हसल्या की भाव करायचं राहून गेलं, आणि त्यामुळे बहुतेक तिचंच भलं झालं.

दुपारी काकूंकडे जेवलो. बांगड्याचं सार, भात, सोलकढी. आमच्याकडे खोबरं म्हणजे वाळकं, काळ्या मसाल्यात भाजून घालायचं. इथं रोज ओला नारळ खवायचा, त्यात मिरची, धणे, चिंच घालून बारीक वाटायचं. त्याला वाटप म्हणतात आणि त्याशिवाय सार होत नाही. काटे काढता काढता माझा भात दोनदा निवला. काकू माझ्या ताटाकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, तुझो अर्धो बांगडो काट्याकच रवलो." पण चव अशी, की मी तिसऱ्यांदा सार मागितलं.

संध्याकाळी पुन्हा काळी खोली. पुन्हा सगळं छान, आणि पुन्हा कालच्याच सुमाराला कॅमेऱ्याला झटका आला. आता मात्र माझा संयम सुटला. "प्रोग्राममध्येच घोळ आहे," मी म्हणालो. "परवा समितीपुढे हे झालं तर हसतील लोक. आपणच एक्सपोजर पक्कं करून टाकू." आणि मी कीबोर्डकडे वळलो.

सायली माझ्या आणि कीबोर्डच्या मध्ये आली. ती कधी आवाज चढवत नाही. "सर, हात नका लावू. चुकतोय तर चुकू दे. कुठे चुकतो ते तरी बघू दे."

मी तणतणत बाहेर व्हरांड्यात आलो. दिवेलागण झाली होती. घराघरातून फोडणीचे वास येत होते आणि परब काकूंच्या दारातून मिक्सरचा आवाज. घर्र. थांबला. चमच्यानं भांड्याच्या कडा खरवडल्याचा आवाज. पुन्हा घर्र. थांबला. पुन्हा खरवड.

आतून सायलीचा आवाज आला, "सर, आता!... गेला... सर, परत आता!... परत गेला!"

मी काकूंच्या दारात जाऊन उभा राहिलो, सायली खोलीत. मध्ये भिंत. आणि आमचा तारा त्या मिक्सरच्या तालावर नाचत होता. नाव न छापलेला तो अडॅप्टर, काकूंच्याच घरातून ओढलेली वीज, आणि काकूंची रोजची वाटपाची वेळ. मिक्सर सुरू झाला की वीज जराशी खचायची आणि तारा मंद व्हायचा. थांबला की तारा पूर्ववत. मी दारातच हसत सुटलो.

"काय झाला रे? मी काय केलंय?" काकू चमचा हातात घेऊन बाहेर आल्या.

"काकू, तुमच्या वाटपानं आमचा तारा भडकतोय."

"माझ्या मिक्सराचो काय गुन्हो? वाटप वाटूक नको?" त्यांनी मला दंडावर एक चापट दिली. मग सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "मगे उद्यापासून मी पाट्यावर वाटतंय." आणि त्या खरंच पाटा शोधायला निघाल्या.

मला हायसं वाटलं होतं. "सोपं आहे सायली," मी म्हणालो. "उद्या दिवा बॅटरीवर लावू. संपलं."

"बॅटरीनं आपला दिवा सुधारेल सर. कॅमेरा तसाच राहील."

मला ते लगेच कळलं नाही. तिनं दाराला टेकून सावकाश समजावलं. तारा मंद झाला की कॅमेरा घाईघाईनं डोळा मोठा करत होता. मंदी क्षणाची असली की प्रकाश लगेच परत यायचा, आणि तेव्हा डोळा सताड उघडा असायचा. साधा ताराच त्याला भडका वाटायचा. मग तो घाबरून डोळा मिटायचा. "वर मिक्सर नाहीये, पण उपग्रह डोलतो. डोलला की तारा जरासा बाजूला सरकतो, मंद दिसतो आणि परत येतो. तिथेही हा असाच नाचणार. आपण त्याला भडकणं तेवढं शिकवलं सर. मंद होणं शिकवलंच नाही."

मी तीन वर्षं तो प्रोग्राम तपासत होतो. हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. त्या क्षणी मला तिचा फार अभिमान वाटला, आणि तो मी बोलूनही दाखवला. ती लाजून आत निघून गेली.

पुन्हा डिलाईल रोड, गुरुवार

सायलीनं सकाळी प्रोग्राम दुरुस्त केला. प्रकाश वाढला तर डोळा लगेच बारीक करायचा. कमी झाला तर मात्र जरा धीर धरायचा. थोडे फोटो तसेच काढायचे आणि तारा खरोखर मंदच राहिला तर मगच हळूहळू उघडायचा. सांगायला दोन वाक्यं, करायला दुपार झाली.

आता तपासायचं कसं? काकूंनी पाटा बाहेर काढला होता. सायलीनं तो त्यांना परत आत ठेवायला लावला. "काकू, मिक्सरच पाहिजे. आणि आम्हाला न सांगता लावा."

"न सांगता म्हणजे? मी कधी सांगान लावतंय?"

पण एकट्या काकूंचा नारळ किती पुरणार! वडिलांनी व्हरांड्यात उभं राहून स्टॉपचं नाव पुकारावं तसं पुकारलं, "ज्याला ज्याला काय वाटायचंय त्यानं परबांकडे घेऊन यावं!" आणि माणसं आली. सायलीच्या आईनं सुकटीच्या चटणीसाठी लसूण-मिरची आणली. पलीकडच्या घरातून भिजवलेले तांदूळ आले, कोणी भाजलेले दाणे, कोणी नुसता बर्फ घेऊन आलं आणि तो मिक्सरमध्ये किती वाजतो ते ऐकून खूश झालं. ओलं, सुकं, घट्ट, पातळ. प्रत्येकाची मिक्सर फिरवायची तऱ्हा वेगळी. कोणी एकदम फिरवतं, कोणी थांबत थांबत. आमच्या प्रयोगशाळेत कितीही बसून सुचल्या नसत्या एवढ्या प्रकारे तो तारा मंद झाला.

कॅमेरा सुरुवातीला दोनदा फसला. सायलीनं धीर थोडा वाढवला. त्यानंतर तो फसला नाही. मधूनच आम्ही खरा भडका द्यायचो, तेव्हा तो बरोबर डोळा बारीक करायचा, आणि व्हरांड्यातून टाळ्या यायच्या, कारण वडील दारात उभे राहून सगळ्यांना धावतं वर्णन सांगत होते. त्या दिवशी मजल्यावर एवढं वाटण झालं की जेवायला प्रत्येक घरी दुसऱ्याच्या घरची आमटी होती. आमच्या गल्लीत शेजाऱ्याकडे वाटी पाठवतात ती सणाला. इथं साध्या गुरुवारी पाच वाट्या माझ्यासमोर आल्या.

गिरगाव, शुक्रवार

समितीची जागा गिरगावात, समुद्राच्या बाजूला, एका जुन्या दगडी इमारतीच्या वरच्या मजल्यावर. जाताना सायलीनं वाटेत थांबून मला पीयूष पाजलं. तिची स्वतःची भूक मेली होती. मी मात्र पीयूष संपवलं.

समितीत तिघं होते आणि बोलणाऱ्या एकच, अध्यक्ष मॅडम. सत्तरीच्या आसपास, सुती साडी, चष्मा कपाळावर. आयुष्य उपग्रहांत गेलेलं. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "स्वतःचं डोकं चालवणाऱ्या यंत्राची मला भीती वाटते. आज्ञाधारक यंत्र मला आवडतं. निदान त्याची चूक आपली असते." सायलीचा चेहरा उतरला. मला तोंडात आलेलं बरंच गिळावं लागलं.

मॅडमनी आपला पेन ड्राइव्ह काढला. तारा कधी आणि किती भडकणार ते त्यात होतं, आम्हाला न सांगता. अट एकच, चाचणी संपेपर्यंत कीबोर्डला कोणी हात लावायचा नाही. खिडक्यांचे पडदे लावले. आम्ही सगळे खुर्च्यांवर बसलो, मी टेबलाला लागून, कीबोर्डच्या बाजूला.

पहिला भडका हळूहळू चढत आला. कॅमेऱ्यानं डोळा बारीक केला. लॅपटॉपच्या पडद्यावर तारा स्वच्छ गोल, न जळलेला. भडका ओसरला, डोळा सावकाश मोठा होऊ लागला. तेवढ्यात मॅडम उठल्या आणि टेबलाला कोपरानं चांगला धक्का दिला. मुद्दाम. पडद्यावरचा तारा डळमळला, बाजूला सरकला, मंद झाला. परत आला. पुन्हा मंद. त्यांनी दुसरा धक्का दिला होता. सायलीनं पडद्यावरची नजर काढली नाही. कॅमेरा थांबला होता. डोळा जेवढा होता तेवढाच. तारा जागेवर आला तेव्हाही फोटो स्वच्छ होता.

आणि मग मोठा भडका एकदम आला. त्याचा पहिला फोटो पांढराफटक जळाला. दुसऱ्यापासून पुन्हा स्वच्छ.

"हा पहिला का जळला?" मॅडमनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सायली बोलली. "तो जळणारच मॅडम. तो फोटो आल्याशिवाय त्याला कळणार कसं की भडका झालाय? एक फोटो आम्ही घालवतो. पुढचे सगळे वाचवतो."

मॅडमनी कागदावर काहीतरी टिपलं. "खरं बोललीस," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळच्या लोकांनी मला सांगितलं होतं की एकही जळणार नाही."

तिघांनी आपसांत कुजबुज केली. ती फार वेळ चालली, निदान मला तसं वाटलं. मग मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"तुझा प्रोग्राम जाऊ दे वर. पण माझी एक अट आहे. पहिला महिनाभर खालून कुणीही एक्सपोजरला हात लावायचा नाही. आज्ञा पाठवायची सोयच बंद ठेवा."

"पण मॅडम, काही झालं तर?" मी उभाच राहिलो. "निदान मला तरी..."

"सर," त्या म्हणाल्या, "मी टेबलाला धक्का दिला तेव्हा कॅमेरा हलला नाही. तुमचा हात हलला."

मी खाली बघितलं. माझा उजवा हात अजून कीबोर्डच्या कडेवर होता. तो तिथं कधी गेला मला माहीत नाही. सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा. सायलीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

घरी परतलो तेव्हा मजल्यावरचे सगळे दारात उभे होते. सायलीनं नुसती मान हलवली आणि काकूंनी तिला चापटी मारून मारून लाल केलं. आईंनी तिला जवळ घेतलं ते सोडलंच नाही. जेवायला बसलो तेव्हा वडिलांना ती अट नीट समजून घ्यायची होती.

"म्हणजे सर, तो तिकडे वर एकटा. आणि तुम्ही खाली."

"हो."

"आणि तारा भडकला तर?"

"त्याला शिकवलंय तसं तो करेल. आम्हाला नंतर कळेल. कधी कधी दुसऱ्या दिवशी."

"आणि तोवर तुम्ही काय करणार?"

"काही नाही. वाट बघणार."

त्यांनी भात कालवला. "हिचा नंबर तुमच्या अमरावतीला लागला ना," ते म्हणाले, "तेव्हा ही पहिल्यांदा एकटी गेली. आमच्या घरातून एवढ्या लांब कोणीच गेलं नव्हतं. म्हणाली, पोचले की फोन करते. मी फोन घेऊन बसलो. संध्याकाळ गेली, रात्र गेली. हिचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी."

"पप्पा, मी विसरले होते," सायली म्हणाली. "रूम लावत होते."

"तेच सांगतोय. पोचली होती, जेवली होती, सगळं नीट होतं. फक्त आम्हाला सांगायचं राहिलं होतं."

"मग तुम्ही का नाही केला फोन?" मी विचारलं. मी असतो तर दर स्टेशनाला केला असता.

"हातातच होता की ओ. पण केला असता तर हिला वाटलं असतं, पप्पांना भरवसा नाही."

माझे डोळे भरून आले. सायलीचा घास हातातच राहिला. हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मग ती उठली आणि पप्पांच्या ताटात, ते नको नको म्हणत असताना, आणखी भात वाढू लागली.